ग्योताकू करताना कल्ल्यापाशी डाग पडतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे कोणी ग्योताकू केलंय का, म्हणजे माशाला शाई लावून कागदावर ठसा घेतात ते? आम्ही सध्या जपानात चिबाला असतो, नवऱ्याला गळाला पहिला ताई (इथला सी-ब्रीम मासा) लागला तर म्हटलं आधी ठसा, मग कालवण. मीठ चोळून बुळबुळीतपणा काढला, टिपून कोरडा केला, पर थर्माकोलवर टाचण्यांनी पसरवले, सुमी शाईचा पातळ हात दिला आणि जपानी वाशी कागद बोटांनी दाबत गेले. खवले काय सुंदर उठलेत, एकेक मोजून घ्या! पण कल्ल्यापाशी ओल झिरपून रुपयाएवढा काळा डाग पडतोच आणि शेपटी दोनदा उमटते, तीन कागद वाया. टिश्यू कोंबून झाला, कापूस बरा का? की ओला कागद माशावर चिकटवून वरून शाई टिपतात ती कान्सेत्सु पद्धत नवख्याला सोपी? इथल्या त्सुरुओका शहरात १८३९ चा फुना माशाचा ठसा अजून जपून ठेवलाय, आणि माझा पाच मिनिटं टिकेना. डोळा मागाहून ब्रशने काढतात ते माहितीये, तिथपर्यंत पोचले तर ना. मासा फ्रीजमध्ये आहे, उद्या दुपारपर्यंतच, सासूबाईंनी कोकम भिजत घातलंय.