प्रति: बडोद्याहून जोडलेला सर्व्हर जेवून येईपर्यंत सुटतो

काम चालू असताना एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवायची जोडणी) नीट चालतं आणि जरा उठून गेलं की स्क्रीन गोठते, असं तुम्ही म्हणता. मग वर कुणी सर्व्हर रीस्टार्ट करायचा सल्ला दिलाय, तो कृपया ऐकू नका! संशय राउटरवर किंवा इंटरनेट कंपनीच्या नॅटवर (एकच आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, अनेकांत वाटणारी यंत्रणा) घ्या. गप्प बसलेल्या जोडणीची नोंद ते काही वेळाने पुसून टाकतं, दोन्ही टोकांना पत्ता न लागू देता. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह (गप्प जोडणी जिवंत आहे का हे तपासणारी सोय) मूळ सेटिंगमध्ये पहिली विचारपूस ७२०० सेकंदांनी करतं. दोन तास! तोवर नोंद केव्हाच गेलेली असते. आपल्याच लॅपटॉपवर एसएसएच कॉन्फिगमध्ये 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' (ServerAliveInterval) ६० ठेवा, म्हणजे जोडणी गप्प असली तर दर ६० सेकंदांनी विचारपूस होते आणि नोंद टिकते; सर्व्हरला हात लावावा लागत नाही.

इंदूरला आमच्याकडे वीज गेली-आली की राउटर नवा आयपी घेऊन उठतो. तिथे हा उपाय चालत नाही, म्हणून लांबलचक कामं सर्व्हरवर टीमक्समध्येच (tmux, जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवावीत.

पुन्हा जोडताना 'रिफ्यूज्ड' आलं तर बहुधा मशीन जिवंत आहे, सेवा बंद आहे. 'टाइम्ड आउट' आलं तर आधी सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये (कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारी यंत्रणा) परवानगीसाठी तुमचा जुनाच आयपी अडकून बसलाय का ते बघा.