गेममधले कोडे : गंमत की टोलनाका?

रात्रपाळी_ओलित
काल कूटप्रेमी यांनी येथे लिहिले की ज्या गेममध्ये कोडी नाहीत तो निव्वळ बोटांचा व्यायाम आहे आणि ज्यांना कोडी नकोशी वाटतात त्यांना मुळात डोक्याला ताण देण्याचाच कंटाळा असतो. ते वाचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी वावरातल्या झोपडीत पंपाच्या स्टार्टरच्या पेटीशेजारी बसलो होतो. आमच्या फिडरवर शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. हरभऱ्याला स्प्रिंकलर लावल्यावर पाइप उचलून पुढे नेईपर्यंत जे अडीच-तीन तास मिळतात तेवढाच माझा गेमचा वेळ, आणि त्यावरून कोणी मला आळशी ठरवावे हे मला मान्य नाही.

२००५ चा ‘रेसिडेंट इव्हिल ४’ घ्या. सगळे गाव कुऱ्हाडी घेऊन पाठीशी लागलेले असते, छातीत धडधड होत असते, आणि मध्येच, जिची सुटका करायची असते त्या ॲशलीला एका दालनात दगडी फरशा सरकवून चित्र जुळवावे लागते. जत्रेत आकडे सरकवण्याचे ते प्लास्टिकचे खेळणे मिळते ना, अगदी तेच. ती फरशा सरकवत असते तोवर शत्रू जणू अदबीने दाराबाहेर थांबतात. कथेचा त्या फरश्यांशी काडीचा संबंध नाही. २०१५ च्या ‘बॅटमॅन : अर्खम नाइट’ने तर कहरच केला, कारण रिडलर या खलनायकाची २४३ कामे उरकल्याशिवाय पूर्ण शेवटच पाहायला मिळत नाही. समृद्धी महामार्गावर टोल भरला तर निदान गाडी तरी वेगाने पळते. येथे टोलही भरायचा आणि गाडीही ढकलायची.

कूटप्रेमी
आपण आळशी आहात असे मी म्हटले नव्हते, पण टोपी आपल्या डोक्यावर बसली असेल तर माझा नाइलाज आहे. आपण दोन वाईट कोडी निवडली आणि सगळ्या कोड्यांना फाशी दिली. मी एकच उदाहरण देतो. १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आमच्या शाळेच्या संगणक कक्षात लपूनछपून चालत असे. पूर्ण गेमला साठ मिनिटे. चौथ्या टप्प्यात आरशावर उडी मारली की राजपुत्राची सावली आरशातून बाहेर पडते आणि बाराव्या टप्प्यात तीच तलवार घेऊन समोर उभी राहते. आम्ही तिच्यावर वार करत होतो आणि प्रत्येक वाराला आमचीच ताकद कमी होत होती. चार दिवस आम्ही असेच मरत राहिलो. पाचव्या दिवशी, मागच्या बाकावरचा जो मुलगा गणितात कायम नापास होई, तो म्हणाला, “मारूच नका, तलवार आत ठेवा.” आम्ही तलवार म्यान केली, दोघे एकमेकांच्या दिशेने धावले आणि एक झाले. मला आयुष्यात बक्षिसे मिळाली आहेत, पण तसा आनंद एकाही बक्षिसाने दिला नाही. नुसत्या तलवारबाजीत हा क्षण कोठून आला असता?

पऱ्हाटी
कूटप्रेमी सर, तुमचा मागच्या बाकावरचा मुलगा ते कोडे सोडवू शकला, कारण त्यात इंग्रजीचा एक शब्दही नव्हता. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मधल्या पियानोपुढे त्याला बसवा आणि मग बोला. भिंतीवर पक्ष्यांची इंग्रजी कविता असते, आणि पक्षी पांढरा की काळा हे ओळखून त्या क्रमाने, न वाजणाऱ्या पट्ट्या दाबायच्या असतात. चुलतभावाने अकोल्याहून आणलेल्या जुन्या प्लेस्टेशनवर आम्ही ते खेळलो. आम्ही दोघेही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतले. ‘रेव्हन’ म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, आणि ‘स्वान’ म्हणजे हंस, पण तो श्वान असणार असे भावाने ठामपणे ठरवून काळी पट्टी दाबली, कारण आमचा कुत्रा काळा होता. आज हसू येते, पण तेव्हा आम्ही स्वतःला मठ्ठ समजून गेम बंद केला होता. पुढे २००३ मध्ये ‘सायलेंट हिल ३’ने कठीण पातळीवर शेक्सपिअरची नाटकेच विचारली. हे कोडे आहे की प्रवेश परीक्षा?

कूटप्रेमी
ताई, शब्दकोश चार आण्याचा नसला तरी महागही नव्हता. कित्येकांचे इंग्रजी अशा गेममुळेच सुधारले.

पऱ्हाटी
आमच्या घरात तेव्हा पुस्तक म्हणून पंचांग आणि खताच्या दुकानाने दिलेली डायरी होती. “शब्दकोश घ्यायचा होता” हे सांगणे फार सोपे आहे, सर. डोके वापरण्याचा कंटाळा आणि भाषा न येणे यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याच्या डोक्याची मापे काढू नयेत.

जिनिंगवाला
आपण सगळे अजून त्याच जुन्या काळात अडकला आहात. आता यूट्यूबवर उत्तर पाहायचे आणि पुढे जायचे, यात कसला आला अपमान? ‘व्हाइस सिटी’ या गेममध्ये कोडी नव्हती म्हणून कोणी अडकले नाही की काय? रिमोटच्या हेलिकॉप्टरने बांधकामावर चार बॉम्ब ठेवण्याच्या त्या एका कामात आमच्या तालुक्यातील सायबर कॅफेवाल्याने निम्मी कमाई केली असेल. पहिला बॉम्ब उचलेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही, त्यामुळे आधी पात्यांनी पहारेकरी संपवावेत, हे मला कोणीतरी सांगितले म्हणूनच कळले. सांगितल्याने माझी गंमत कमी झाली नाही, उलट तासाचे वीस रुपये वाचले.

कूटप्रेमी
मग कादंबरीचेही शेवटचे पान आधी वाचत जा, वेळ वाचेल.

जिनिंगवाला
वाचतो. आपली हरकत?

रात्रपाळी_ओलित
भाऊ, यूट्यूबचा मुद्दा निघालाच आहे तर मी माझ्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगतो. २०२२ च्या ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’मध्ये आपण कोड्यातल्या चाकाकडे नीट पाहिलेलेही नसते, तोच सोबतचा पोरगा उत्तर बोलून टाकतो. शब्दकोडे सोडवताना पाठीमागून डोकावून “अरे, आडवा सात म्हणजे ‘कलिंगड’” असे सांगणारे आमचे मामा मला आठवले आणि मी चक्क लॅपटॉपवर ओरडलो. कोडी मला इतकी नकोशी असती तर मी ओरडलो नसतो, हे मला कबूल करावे लागेल. कूटप्रेमी यांनी यावर विजयाची मिरवणूक काढू नये, कारण त्यांचे तलवार म्यान करण्याचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे: तेथे तलवार, सावली, ताकद सगळे गेममधलेच असते, बाहेरून आणलेली फरशी नसते.

कूटप्रेमी
मिरवणूक काढणार नाही, फक्त एक फटाका लावतो. फरशांबाबत आपले म्हणणे मान्य, रिडलरबाबतही मान्य. पऱ्हाटी ताई, शब्दकोशाचे वाक्य मागे घेतो. ते कोडे इंग्रजी वाचणाऱ्यांसाठीच बेतलेले होते, हे मी तेव्हा सोडवताना माझ्या लक्षात आले नाही, कारण मला इंग्रजी येत होते. मात्र ‘कोडी काढून टाका’ हा उपाय मला अजूनही पटत नाही. २०१८ च्या ‘स्पायडरमॅन’मध्ये प्रयोगशाळेतली कोडी वगळण्याची सोय दिलेली आहे, तसे करावे, ज्याला पाइप उचलायला जायचे आहे त्याने जावे.

पऱ्हाटी
मागे घेतले हे बरे केले. भाऊ मात्र अजूनही स्वान म्हणजे श्वानच, असे म्हणतो.

रात्रपाळी_ओलित
वीज तीनला जाणार होती, अडीचलाच गेली. लॅपटॉपची बॅटरी अर्धा तास पुरेल आणि ॲशलीच्या फरशांत शेवटचे दोन दगड उलटसुलट अडकले आहेत. उत्तर कोणीही येथे लिहू नये, विशेषतः जिनिंगवाला यांनी.