आप्लों की आपलों? फ्रेंच क्रियापदातला पळपुटा ई

फ्रेंच सुरू करून तीन महिने झाले आणि एकाच क्रियापदावर गाडी अडलीये. हाक मारणे याचं, स्पेलिंग ए पी पी ई एल ई आर. 'मी'चं रूप 'जापेल', ते जमतं, पण 'आम्ही'चं रूप पुस्तकात आप-पे-लों असं तीन तुकड्यांत तोडलंय म्हणून मी तसंच म्हणते आणि आमच्या मॅडम दर वेळी 'आप्लों' करतात. मधला पे गेला कुठे??

ताई, ती तोड ओळीच्या शेवटी शब्द मोडायचा झाला तर कुठे मोडायचा यासाठी असते, बोलण्याचा हिशोब वेगळा. पी दोन दिसले तरी तोंडात एकच. आणि यात आपल्याला नवीन काहीच नाहीये, 'उचल' म्हणून बघा, उ-चल, आता 'उचलून' म्हणा, उच्-लून, च मधला अ गेला की नाही? तिथेही तसंच, जापेलच्या शेवटचा ई मुका, म्हणून पेल हाच शेवटचा तुकडा आणि त्यातला ए ठणठणीत ऐकू येतो (म्हणूनच तिथे एल डबल लिहितात), आप्लोंमध्ये पुढे ओं बोलायचाय म्हणून मागचा ई पडला. 'ते'च्या रूपात शेवटी ई एन टी असतं तेही मुकं, इल्झापेल, उगाच एंट वाचू नका. मूळ क्रियापद तर चक्क 'आपले' आहे, आपण लिहितो आपले, म्हणतो आप्ले, तसंच.

मग हा ई सरसकट खायचा का? मी भविष्यकाळात 'पार्ल्रे' म्हणालो तर क्लासमध्ये हशा पिकला.

सरसकट नाही ना. ई खाल्ल्यावर तीन व्यंजनं एकत्र यायला लागली की तो सहसा ठेवतात. दॉन्रे (मी देईन) मध्ये न आणि र दोनच, चालून जातं. पण बोलणे याच्या रूपात र-ल-र असा ढीग होतो, म्हणून पार-ल-रे, ल मध्ये पुसटसा अ. ग्रामाँ नावाच्या भाषातज्ज्ञाने याला तीन व्यंजनांचा नियमच म्हटलंय. अर्थात हे पॅरिसकडचं, दक्षिणेत मार्सेय, तुलूझकडे हे ई बरेचदा बोलतात, आणि जुन्या छंदातल्या कवितेत पुढे व्यंजन असेल तर तो अक्षर म्हणून मोजतातच.

अजून एक, 'आम्हाला आवडेल' म्हणताना व्हू-द्रि-यों असे तीन तुकडे पडतात, द्र नंतर यों थेट चिकटवता येत नाही. आणि करणे याचं 'आम्ही'चं रूप, लिहिताना ए आय पण म्हणायचं फ-झों.

फ-झों?? मी तीन महिने फे-झों म्हणतेय आणि मॅडमनी एकदाही टोकलं नाही!