निळ्या बाळांच्या ऑपरेशनमागचा माणूस: नाव कुठेच नसताना तो टिकला कसा?

ओटीतला_पुणेकर

मंडळी नमस्कार, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, थोडं लांबलं तर समजून घ्या.

मी लहान मुलांच्या हार्टच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, टेक्निशियन आहे, यंदा चौदा वर्षं होतील. आमच्या लिस्टवर दर थोड्या दिवसांनी 'बीटी शंट' असं लिहिलेलं असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, काही बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो, फुप्फुसाकडे रक्त पुरेसं जात नाही, मग बाळ रडलं की ओठ आणि नखं निळी-जांभळी पडतात. अशा वेळी हाताकडे जाणाऱ्या धमनीतून फुप्फुसाच्या धमनीला एक वाट काढून देतात. आता मध्ये साडेतीन मिलीमीटरची वगैरे नळी बसवतात, पूर्वी सरळ धमनीच वळवून जोडायचे. बी म्हणजे ब्लॅलॉक, टी म्हणजे टॉसिग, ही दोन डॉक्टरांची नावं. मी पण चौदा वर्षं एवढंच समजत होतो.

परवा नाइटला वाचताना कळलं की यात अजून एक टी आहे. व्हिव्हियन थॉमस. अमेरिकेतला काळा माणूस, जन्म १९१०, सुताराचा मुलगा, स्वतःही सुतारकामच करायचा. डॉक्टर व्हायचं म्हणून कॉलेजसाठी पैसे साठवत होता आणि १९३० मध्ये बँक बुडाली, सगळे पैसे गेले. त्याच साली तो नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. ब्लॅलॉकच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागलेला. पुढे १९४१ ला दोघं बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये गेले. डॉ. हेलन टॉसिग या मुलांच्या डॉक्टर, त्यांनी निळ्या बाळांचा प्रश्न समोर ठेवला, आणि मग हे ऑपरेशन कुत्र्यांवर करून करून बसवलं ते मुख्यतः या थॉमसने. २९ नोव्हेंबर १९४४ ला पहिलं बाळ टेबलवर आलं, पंधरा महिन्यांची मुलगी, तेव्हा ब्लॅलॉकनी थॉमसला बोलावून घेतलं आणि तो त्यांच्या मागे स्टूलवर उभा राहून खांद्यावरून बघत टाका कुठून घ्यायचा, उलटा पडतोय का, हे सांगत होता. कारण हे ऑपरेशन त्याने कितीतरी वेळा केलेलं होतं आणि ब्लॅलॉकनी जेमतेम.

ते स्टूल वाचलं आणि मी मोबाईल खाली ठेवला. आमच्या ओटीत पण तसंच स्टूल आहे, दोन पायऱ्यांचं स्टीलचं, मी रोज त्यावर उभा असतो.

या ऑपरेशनवरचा संशोधनाचा पेपर छापून आला, जगभर नाव झालं, त्यात थॉमसचं नाव नव्हतं.

माझंही सांगतो, तुलना करत नाही कारण तेवढी माझी योग्यता नाही. पूर्वी मी एका ठिकाणी होतो तिथे शंटच्या केसेसची तीन वर्षांची नोंद मी ठेवली, ड्यूटी संपल्यावर थांबून, रोजचं सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन), नळीचं माप, सगळं हाताने वहीत. त्यावर पेपर झाला. आभाराच्या ओळीत पण मी नाही. तेव्हापासून कामावरचं मनच उडालंय. आई म्हणते आपण आपलं काम करावं, देव बघतो. पण मला खरंच विचारायचंय की हा माणूस इतकी वर्षं गप्प राहून टिकला कसा? आणि अशी अजून माणसं असतील तर सांगा, ज्यांना दारातच अडवलं आणि तरी ज्यांनी काम सोडलं नाही. कार्व्हर माहितीय, ते शाळेपासून वाचलंय. दुसरे कोणी?

---

सिस्टर_सोलापूर

भाऊ, आधी एक सांगते, तो गप्प नव्हता. इथेच तुमचं वाचन थोडं चुकतंय असं मला वाटतं.

नोकरीला लागल्यावर थोड्याच महिन्यांत काहीतरी चुकलं म्हणून ब्लॅलॉक त्याच्यावर भडकले, शिव्या दिल्या. थॉमसने काय केलं, कपडे बदलले आणि सरळ जाऊन सांगितलं की असं बोलून घ्यायची सवय मला घरच्यांनी लावलेली नाही, तुम्ही असंच बोलणार असाल तर मी चाललो. वय बघा, विशीतला पोरगा, मंदी चाललेली, बँक बुडालेली, दक्षिणेतलं गाव आणि समोर गोरा डॉक्टर! ब्लॅलॉकनी माफी मागितली, पुन्हा असं होणार नाही म्हणाले.

नंतर त्याला कळलं की कागदोपत्री त्याची नेमणूक सफाई कामगाराची आहे आणि पगारही तोच. ऑपरेशनं करतोय, प्रयोग मांडतोय, आणि हजेरीला झाडूवाला. तेही त्याने जाऊन विचारलं. बाल्टिमोरला पण पगारात घर चालेना तेव्हा परत नॅशव्हिलला जाऊन सुतारकाम करायचा विचार त्याने ब्लॅलॉकला बोलून दाखवला, मग चक्रं फिरली आणि १९४६ पर्यंत तो तिथल्या सहाय्यकांमध्ये सगळ्यात जास्त पगार घेणारा झाला.

मी एकतीस वर्षं नर्सिंग केलं. टिकणं म्हणजे सोसणं असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात, बायकांना तर जास्तच. माझ्या पहिल्या वॉर्डात मी सात वर्षं सोसलं, आठव्या वर्षी मॅट्रनकडे नाइट ड्यूटीचा तक्ता घेऊन गेले, बोट ठेवून दाखवलं की बघा एका महिन्यात मला किती आणि बाकीच्यांना किती. पुढच्या महिन्यात तक्ता बदलला. सात वर्षं फुकट गेली असं आजही वाटतं.

तुम्ही त्या पेपरबद्दल कोणाला विचारलं होतं का? रागाने नाही हो विचारत, खरंच विचारतेय.

---

गणिताच्या_बाई

सिस्टर ताईंचं अगदी बरोबर. मी कॅथरीन जॉन्सनबद्दल सांगते, नासामध्ये होत्या त्या. दहावीच्या मुलींना मी दरवर्षी सांगते.

जन्म १९१८, वेस्ट व्हर्जिनिया. त्यांच्या भागात काळ्या मुलांसाठी आठवीच्या पुढे शाळाच नव्हती. मग आईवडिलांनी मुलांना १२० मैलांवर, म्हणजे जवळपास दोनशे किलोमीटर, जिथे शाळा होती तिथे नेऊन ठेवलं. या मुलीला सगळं मोजायची सवय, पायऱ्या मोज, ताटंवाट्या मोज. अठराव्या वर्षी कॉलेज पूर्ण. पण मग पुढे शिक्षिकेची नोकरी, लग्न, तीन मुली, आणि लँग्लीच्या संशोधन केंद्रात लागल्या तेव्हा १९५३ उजाडलं होतं, म्हणजे वय पस्तिशीला आलेलं. तीन वर्षांत नवरा वारला.

तिथे त्या बाहेरून आकडेमोड करून द्यायच्या आणि ज्या बैठकीत त्या आकड्यांवर चर्चा व्हायची तिथे बायकांना बोलवायची पद्धत नव्हती. त्यांनी विचारलं, मी का येऊ शकत नाही? बायका येत नाहीत, असं उत्तर आलं. तर त्यांनी पुन्हा विचारलं, तसा कायदा आहे का? कायदा तर नव्हता. विचारत राहिल्या आणि शेवटी बसायला लागल्या.

आणि भाऊ, नावाचं म्हणाल तर १९६० मध्ये त्यांच्या विभागात पहिल्यांदा एका बाईचं नाव अहवालावर लेखक म्हणून छापलं गेलं ते त्यांचं. १९६२ ला अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरायला निघाला तेव्हा कॉम्प्युटरने काढलेले आकडे त्या बाईंकडून तपासून घ्या, त्या बरोबर म्हणाल्या तर मी तयार आहे, असं त्यानेच सांगितलं होतं.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते काय माहितीय, त्यांनी बैठकीत जायचं मागितलं ते मान मिळावा म्हणून नाही, आपले आकडे कशासाठी वापरतायत हे कळल्याशिवाय गणित नीट होत नाही म्हणून. कामासाठीच मागितलं, त्यामुळे मागताना संकोच वाटला नसेल. हा माझा अंदाज बरं का.

---

लातूरकर_सोयाबीन

मी शेतकरी, दवाखान्यातलं जास्त कळत नाही. पण माझं पीक सोयाबीन, म्हणून पर्सी ज्युलियन हे नाव माझ्या डोक्यात बसलंय.

१८९९ चा जन्म, अलाबामा, आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. कॉलेजला गेला तेव्हा आधीचं शिक्षण अपुरं म्हणून दिवसा कॉलेजचे तास आणि सोबत हायस्कूलचेही धडे, वर पोरांच्या होस्टेलमध्ये जेवण वाढायचं काम, भट्टीत कोळसा टाकायचं काम. १९२० ला पहिला नंबर. तरी पीएचडी अमेरिकेत झाली नाही, ती १९३१ ला व्हिएन्नात जाऊन करावी लागली. परत येऊन काचबिंदूवरचं एक औषध प्रयोगशाळेत बनवून दाखवलं, १९३५ ला, ऑक्सफर्डच्या मोठ्या प्रोफेसरांची पद्धत चुकीची आहे हे छापून सिद्ध करून. एवढं झाल्यावरही त्याच कॉलेजने प्राध्यापकाची जागा दिली नाही.

मग तो शिकागोला ग्लिडन नावाच्या रंगाच्या कंपनीत गेला, तिथे सोयाबीन. एकदा सोयाबीन तेलाच्या मोठ्या टाकीत पाणी शिरलं, तेल खराब झालं म्हणून सगळे डोक्याला हात लावून बसले, पण तळाला पांढरा थर बसला होता तो याने ओळखला. त्यापासून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन मोठ्या प्रमाणावर बनवायला लागला. जे औषध सोन्याच्या भावाने मिळायचं ते सामान्य बाईच्या आवाक्यात आलं.

आणि हे सगळं होऊन, नाव होऊन, १९५० मध्ये ओक पार्क नावाच्या चांगल्या वस्तीत घर घेतलं तर राहायला यायच्या आधीच कोणीतरी जाळायचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी अंगणात डायनामाइट फेकलं, पोरं घरात असताना. तो रात्री बंदूक घेऊन झाडावर बसून राखण करायचा, शेजारी मुलगा. पण घर सोडलं नाही.

आपण रानडुकरांसाठी माळ्यावर बसतो तसा तो माणूस एवढा मोठा शास्त्रज्ञ असून स्वतःच्या घराची राखण करत बसलेला, हे डोळ्यासमोरून जात नाही माझ्या. पुढे स्वतःची कंपनी काढली आणि १९६१ ला वीस लाख डॉलरच्या वर किमतीला विकली, ते असू दे, मला ते झाड जास्त आठवतं.

---

बाल्टिमोरचा_मराठी

मी थोडं वेगळं बोलतो, कोणाला लागलं तर माफ करा.

मी इथे हॉपकिन्समध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक आहे. थॉमसचं मोठं तैलचित्र इथे लावलंय, ब्लॅलॉकच्याच नावाच्या इमारतीत, १९७१ मध्ये त्याच्याकडून शिकलेल्या सर्जननी करून घेतलेलं. १९७६ ला विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. तोवर त्याचं वय पासष्ट होतं. डेंटन कूलीसारखे सर्जन त्याच्या हाताखाली टाके घालायला शिकून गेले होते. चित्रासमोर उभं राहिलं की अभिमान वाटतो हे खरं, पण मला रागही येतो.

तो इथे आला तेव्हा हॉपकिन्समध्ये काळी माणसं म्हणजे फक्त सफाईवाले. पांढरा कोट घालून आवारातून चालला की लोक थांबून बघायचे, म्हणून लॅबमधून ब्लॅलॉकच्या ऑफिसला जाताना तो कोट काढून साधे कपडे घालायचा. रोज. ज्याच्या हाताने मुलं वाचत होती त्याने कोट लपवून चालायचं. ब्लॅलॉकच्या घरच्या पार्टीत जादा पैशांसाठी हाच माणूस दारूचे ग्लास भरायला उभा असायचा आणि पाहुणे म्हणजे त्यानेच शिकवलेले डॉक्टर.

तेव्हा 'बघा कसा टिकला' असं म्हणताना त्याला टिकावं का लागलं हेही म्हटलं पाहिजे. मेडिकलला जाता आलं असतं तर तो काय झाला असता? आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. बाबासाहेबांनी १९४६ ला अमेरिकेतले काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. त्यांना दिसत होतं की दुखणं एकच आहे.

पुणेकर दादा, तुमचं मन उडालं यात तुमचा काही कमकुवतपणा नाही. तीन वर्षं काम करून नाव नाही म्हटल्यावर मन उडणारच. पण वह्या आहेत का अजून तुमच्याकडे?

---

डोळ्यांची_डॉक्टर

थोडंच लिहिते, ओपीडी आहे. पॅट्रिशिया बाथ, न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या हार्लेम वस्तीत १९४२ चा जन्म, वडील भुयारी रेल्वेत मोटरमन. शिकत असताना त्यांनी बघितलं की हार्लेमच्या हॉस्पिटलमध्ये आंधळे पेशंट खूप, आणि जवळच्याच कोलंबिया विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये फारच कमी. नुसतं वाईट वाटून घेतलं नाही, मोजलं, आणि त्या मोजणीतून वस्तीवस्तीत जाऊन डोळे तपासायची कल्पना मांडली. पुढे लॉस एंजेलिसला प्राध्यापक झाल्या तर ऑफिस दिलं तळघरात, प्रयोगाच्या प्राण्यांच्या शेजारी. त्यांनी भांडण केलं नाही, फक्त ही जागा योग्य नाही असं सांगितलं आणि दुसरी घेतली. लेझरने मोतीबिंदू काढायचं त्यांचं पेटंट १९८८ चं.

सिस्टर ताई, गणिताच्या बाई, तुम्ही दोघींनी लिहिलेलं आणि हे, सगळ्यांत तेच दिसतं मला. तक्ता, आकडे, मोजणी. हातात कागद होता.

---

ओटीतला_पुणेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून चार वेळा वाचून काढलं.

सिस्टर ताई, खरं सांगतो, मी कोणालाच विचारलं नव्हतं. मनातल्या मनात भांडलो, घरी बायकोशी बोललो, पण ज्यांना विचारायला पाहिजे त्यांना नाही. थॉमसनेही सोसलं असंच मी धरून चाललो होतो, कारण मला तसं सोयीचं होतं बहुतेक.

बाल्टिमोरकर, वह्या आहेत. तीन, लांब कव्हरच्या. आज माळ्यावरून काढल्या, एकीला थोडी वाळवी लागलीय कडेला पण आकडे शाबूत आहेत. पहिल्या पानावर पहिल्या बाळाचं सॅच्युरेशन आहे, टेबलवर घेतलं तेव्हा ६२, शंट उघडल्यावर ८१. ते बाळ आठवतं मला, पायात काळा दोरा होता, चिकटपट्टीच्या वर सरकवून ठेवला होता मी.

इथल्या ओटीतही गेली दोन वर्षं मी नोंदी ठेवतोय, सवय जात नाही. आमच्या आत्ताच्या मॅडम परवाच म्हणाल्या की यावर काहीतरी लिहायला हवं. सोमवारी सकाळी पहिली केस आठला आहे, मी साडेसातला जाऊन त्यांना विचारणार आहे की लिहिणाऱ्यांत माझं नाव असेल का. काय म्हणतात ते इथेच येऊन सांगतो.