दीड लाखात एमटीबी घेताय? नागपूरसाठी कार्बन सोडा, अलॉय घ्या

पांदणवाट : पावसाळा जवळ आला की एमटीबी (कच्च्या, डोंगरी वाटांची सायकल) कार्बनची घ्यावी की अलॉयची (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची), हा प्रश्न हमखास येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. सायकल चालवायची कुठे, तर सेमिनरी हिल्सचा चढ, कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागांमधल्या पांदणी, रामटेक आणि सुटी मिळाली तर चिखलदरा. अशा माणसाने पहिली एमटीबी अलॉयचीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

हार्डटेलची (फक्त पुढे शॉक असलेल्या सायकलची) कार्बन फ्रेम अलॉयपेक्षा साधारण अर्धा किलो हलकी असते. तेवढ्यासाठी त्याच बजेटमध्ये बाकीचं सगळं एक पायरी खाली येतं. एअर फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या हवेवरच्या शॉकच्या) जागी स्प्रिंगचा फोर्क येतो, ब्रेक साधे मिळतात, टायरात ट्यूब राहते. आपल्याकडे बाभळीचे काटे आणि सराटे पाहता ट्यूबलेस टायर आणि भोक आतून बुजवणारं सीलंट आधी हवं, फ्रेमचं नंतर बघू. अन् हादऱ्यांचं म्हणाल, तर सव्वादोन इंची टायरमधली हवा थोडी कमी केली की जो आराम मिळतो तो फ्रेम बदलून मिळत नाही.

काटोलरोड२९ : भाऊ, वजनावर मोजून कार्बनचा निकाल लावू नका. अलॉयचा धातू सगळ्या दिशांनी सारखाच कडक असतो. कार्बनमध्ये धाग्यांची दिशा ठरवता येते, म्हणून पेडलपाशी फ्रेम कडक आणि मागच्या त्रिकोणात वरखाली किंचित लवचिक ठेवता येते. लांब चढावर हे पायांना कळतं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्विस सायकलपटू नीनो शुर्टरने सुवर्णपदक जिंकलं ते कार्बनच्या सायकलवर. मनात कार्बन असेल तर सहा महिने थांबा, पैसे जमवा, पण घ्यायची तर ती घ्या.

पांदणवाट : शुर्टरची शर्यत क्रॉसकंट्रीची, तिथे प्रत्येक ग्रॅम मोजतात. डाउनहिलचा २०१८ चा वर्ल्ड कप एकूण गुणांत आमोरी पियेरॉनने जिंकला, तो कॉमेन्सालच्या अलॉय फ्रेमवर. दगडधोंड्यांतून त्या वेगाने उतरणाऱ्याला अलॉय पुरली, आपल्याला का पुरू नये?

नंदनवन_रायडर : मी अलॉयच्या बाजूने. एक मोठा मुद्दा राहिला. अलॉयला तडा गेला तर हिंगणा एमआयडीसीत कोणीही वेल्डिंग करून देतो. कार्बन गेली म्हणजे गेली.

टिगवेल्डर : नाही हो, हे उलटं आहे, आणि यात माणूस पडू शकतो म्हणून थोडं लांबवून लिहितो. माझं रोजचं काम हेच आहे. सायकलची अलॉय फ्रेम बहुतेक ६०६१ ची असते. तिची ताकद धातूपेक्षा उष्णतेच्या प्रक्रियेतून येते. कारखान्यात वेल्डिंग झाल्यावर पूर्ण फ्रेम भट्टीत साधारण ५३० अंशांपर्यंत तापवतात, झटकन थंड करतात आणि मग कमी तापमानावर काही तास ठेवतात. त्याला टी-६ म्हणतात. दुकानात टिग वेल्डिंगने टाका मारला की टाक्याशेजारचा पट्टा मऊ पडतो. टाका दिसायला सुरेख, आणि पुढचा तडा बरोबर त्याच्या बाजूला, बहुधा हेड ट्यूबपाशी (हँडलखालच्या छोट्या नळीपाशी). गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी मी हेड ट्यूबला हात लावत नाही. वेल्डिंगने दुरुस्त होते ती स्टीलची फ्रेम. कार्बन मात्र खराब भाग घासून, धाग्यांचे नवे थर देऊन नीट दुरुस्त करता येते, फक्त करणारा जाणकार पाहिजे.

काटोलरोड२९ : हेच म्हणत होतो. शिवाय अलॉय थकते. वारंवार ताण बसला की छोट्या ताणानेही शेवटी तडा जातोच, स्टीलसारखी सुरक्षित मर्यादा तिला नाही.

पांदणवाट : वेल्डिंगचं पटलं, नंदनवनवाल्या भाऊंनी तो मुद्दा सोडून द्यावा. थकण्याचं खरं आहे, पण म्हणूनच चांगल्या कंपन्या नळ्या जाड ठेवतात. आपल्या वापरात फ्रेमच्या आधी दोन फोर्क बदलून होतात.

सीताबर्डीची_सई : उन्हाळ्यात ४५ अंशांत सायकल गाडीत मागे ठेवली तर कार्बन मऊ पडते का? आणि जुनी कार्बन फ्रेम स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

काटोलरोड२९ : उन्हाची भीती काढून टाका ताई. चांगल्या फ्रेममधलं रेझिन (धागे चिकटवणारा राळेसारखा पदार्थ) बंद गाडीतली उष्णता सहज सोसतं. जुनी घेताना मात्र नळीवर नाण्याने हलकेच टकटक करत जा. एके ठिकाणी आवाज बद्द आला तर हात जोडा आणि निघा.

पांदणवाट : आवाज ठीक आला तरी घेऊ नका असं मी म्हणेन. अलॉय आपटली तर पोचा दिसतो. कार्बनचे थर आतून सुटलेले असतात आणि वरचा रंग चकचकीत. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत सायकल आडवी, तिच्यावर कोणाची तरी पेटी, एवढ्यानेही टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) दबू शकते, आणि हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

अन् बघायलाच गेलात तर टायर काढून चेनस्टेची (मागच्या चाकालगतच्या खालच्या नळीची) आतली बाजू बोटाने तपासा. आपल्या काळ्या मातीचा गारा टायर आणि फ्रेमच्या मध्ये गच्च बसतो, आणि माणूस तसाच पेडल मारत राहतो. त्यातली चुनखडी रेती रंग खाते, मग धागे खाते. तिथे बोटाला खरखर लागली तर किंमत कितीही कमी असो, नाही म्हणा.

सीताबर्डीची_सई : रविवारी बघायला जाते. टायर काढू देत नसेल तर तिथूनच परत.