हृदयाची लय, ताल की ठेका?

हृदयविकाराच्या रुग्णांसाठी असलेल्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करते आहे. ठोके अनियमित पडतात, एवढंच सांगायचं आहे. मी लिहिलं, 'हृदयाची लय बिघडते'. तपासणाऱ्यांनी 'लय' खोडून 'ताल' केलं. म्हणे लय म्हणजे वेग, तो वाढतो नाहीतर कमी होतो, बिघडतो तो ताल. मला पटत नाहीये. 'हृदयाचा ताल' वाचलं की समोर तबलाच येतो. तुम्ही काय लिहिलं असतं?

—

ताल अजिबात नको. ताल म्हणजे मात्रांचं, म्हणजे मोजलेल्या ठोक्यांचं आवर्तन. त्याला सम (आवर्तनाची पहिली मात्रा) लागते, खाली (टाळी न देता मोजायची मात्रा) लागते, विभाग लागतात. तीनताल 16 मात्रांचा, नवव्या मात्रेवर खाली. हृदयाला कुठली सम? एका मात्रेपासून दुसरीपर्यंतचं एकसारखं अंतर म्हणजे लय. अंतर लांबवलं की विलंबित, आखडलं की द्रुत. ते अंतरच डळमळलं तर लय सुटली म्हणायचं. तबला शिकताना तिहाई (तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा) जवळ आली की मी पळत सुटायचो. गुरुजी तबल्यावर पंजा ठेवून हात थांबवायचे आणि म्हणायचे, "लय धर." बोल (धा, धिं अशी तबल्याची अक्षरं) चुकलेले नसायचे, मात्राही पुऱ्या असायच्या. तरी सुटलेलं काहीतरी असायचंच, आणि त्याला ते लयच म्हणायचे.

—

'ठोके मागेपुढे पडतात' लिहा. वाचणाऱ्याला कळेल.

—

'ठेका' का नाही कुणाला सुचला? गाणं लागलं की पाय आपोआप ठेका धरतो. हृदयही तेच करतं. माझ्या मते ज्यावर पाऊल टेकतं तो ठेका, 'टेकणे'वरूनच आला असणार.

—

कानाला जुळलं म्हणून मूळ एक होत नाही. उद्या 'हेका'ही तिथूनच काढाल. आणि ठेका म्हणजे तालाचे ठरलेले बोल. तीनताल आणि तिलवाडा, दोन्हींच्या मात्रा 16च, पण ठेका वेगळा. तीनतालात धा धिं धिं धा सरळ चालतं, तिलवाड्यात मध्ये तिरकिट येतो. बोलांशिवाय ठेका कसला?

—

पायाने धरलेल्या ठेक्याला कुठे बोल असतात? वादकांची व्याख्या वादकांपुरती. बोलणाऱ्यांनी शब्द सैल वापरला म्हणजे चुकीचा वापरला असं होत नाही.

—

मला 'ठेका' वेगळ्याच कारणाने नको. तो शब्द आता ठेकेदारांचा झाला आहे. 'मी काय ठेका घेतलाय?' असं सर्रास ऐकू येतं. तो अर्थ हिंदीतून शिरला, आणि 'मक्ता' हा आपला चांगला शब्द मागे पडला. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

—

मक्ता तरी घरचा कुठे? तो अरबीतून आलेला. जुना पाहुणा आपला आणि नवा परका, हे काही बरोबर नाही.

—

मूळ प्रश्नाकडे येते. 'लय'मध्ये एक धोका आहे, तो कुणी बोललं नाही. लय पावणे, लयाला जाणे म्हणजे नाश होणे. विलय, प्रलय त्याच धातूचे, 'ली' म्हणजे विरघळणे. मराठीने दोन्ही अर्थ लिंगाने वेगळे ठेवले आहेत: ती लय तालाची, तो लय नाशाचा. म्हणून आपण 'लयीत' गातो, 'लयात' नाही. आता पत्रकात एका वेलांटीच्या जागी काना पडून 'हृदयाचा लय' छापलं गेलं, तर वाचणाऱ्या रुग्णाचं काय होईल?

—

बापरे. 'हृदयाची' तीनदा तपासून पाहिलं. पण मग 'लय भारी'मधलं लय कुठलं? त्याला तर लिंगच नाही.

—

ते 'लई'. 'लय' लिहिणं चूकच.

—

आमच्या घरी चार पिढ्या 'लय'च म्हणतात, शेवटी ई कधीच ऐकू येत नाही. जसं बोलतो तसं लिहायला हरकत कुणाची?

—

हरकत आहे. वरची सगळी चर्चा एका वेलांटीवर चालली होती, आणि इथे अख्खी ई सोडून द्यायची?