मुआवियाने यझीदला वारस नेमलं, दुसरा मार्ग होता का?

मोडीवाचक:
उमय्या घराण्याचा पहिला खलिफा मुआविया म्हटलं की मुलगा यझीदला वारस नेमून खिलाफतीत, म्हणजे प्रेषितांनंतरच्या मुस्लिमांच्या नेतृत्वात, घराणेशाही आणणारा, एवढंच बोललं जातं. मला हे एकांगी वाटतं. आधीच्या चार खलिफांपैकी उमर, उस्मान, अली तिघांचे खून झाले, ६५६ ते ६६१ आपसातच लढाया, हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. त्याची खरी ताकद सीरियाचं सैन्य, त्यात कल्ब टोळीचं वजन मोठं आणि यझीदची आई मैसून त्याच कल्बची, मग दुसरा कोणी बसवला असता तर हे लोक गप्प राहिले असते का? हयातीतच मुलासाठी बैअत म्हणजे निष्ठेची शपथ घेतली, यात पुत्रप्रेमापेक्षा हिशेब जास्त आहे.

सांजवारा:
अजिबात पटलं नाही. हिशेब होता तर तो साफ चुकला. प्रेषितांचा नातू हुसेन आणि खिलाफतीचा दुसरा दावेदार अब्दुल्ला बिन झुबैर यांनी बैअत दिलीच नाही. ६८० मध्ये मुआविया गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इराकमधलं करबला, नदी जवळ असून पाणी तोडलं आणि त्या हुसेनला मारलं, ६८३ला मदिनेवर सैन्य घातलं, मग मक्केला वेढा, त्यात काबा जळाला. यझीद त्याच वर्षी मेला, त्याचा मुलगा काही महिन्यांत, आणि गादी गेली उमय्यांच्याच दुसऱ्या शाखेतल्या मरवानकडे. उलट उमरने मरताना सहा जणांवर निवड सोपवली आणि स्वतःच्या मुलाला खलिफा व्हायची मनाई केली. हे उदाहरण समोर होतं की!

मोडीवाचक:
त्या सहा जणांनी निवडलेला उस्मान, त्याला त्याच्याच घरात घुसून मारलं. मदिनेतली मंडळी ठरवणार आणि इराक, इजिप्त ऐकणार, हे दिवस तेव्हाच संपले होते.

दख्खनी:
दोघांनीही पुढचं बघा. घराणं ठरलं तरी त्यातला कोण, हे कधीच ठरलं नाही. मरवानचा मुलगा अब्दुल मलिक, त्याने आपल्या मुलांपैकी आधी वलीद आणि त्याच्यामागे सुलेमान असं लावून दिलं, तर वलीद भावाला बाजूला करून स्वतःचा मुलगा पुढे करायला निघाला. उमय्यांनंतर आलेल्या अब्बासी घराण्याचंही तेच. हारून रशीदने ८०२ मध्ये हजला दोन्ही मुलांकडून शपथा लिहून घेतल्या, कागद काब्यात ठेवले. आधी अमीन, मग मामून. मामून वयाने थोडा मोठा, पण त्याची आई दासी आणि अमीनची झुबैदा, खुद्द खलिफा मन्सूरची नात. हारून ८०९ला गेला, अमीनने मामूनच्या जागी स्वतःच्या मुलाचं नाव लावलं, काब्यातले कागद आणवून फाडले आणि मग बगदादला वर्षभर वेढा, ८१३ला अमीनचा शिरच्छेद. ज्येष्ठ मुलगाच वारस, असा नियम असता तर एवढं रक्त सांडलं नसतं.

सांजवारा:
ज्येष्ठ मुलगा नालायक निघाला तर काय? सुलेमानने ७१७ मध्ये स्वतःचे भाऊ सोडून चुलतभाऊ उमर बिन अब्दुल अझीझला नेमलं, आणि उमय्यांचा द्वेष करणारेसुद्धा त्या उमरचं नाव आदराने घेतात.

मोडीवाचक:
पण त्या उमरच्या मागे लगेच सुलेमानच्या भावाचं, दुसऱ्या यझीदचं, नाव लावावं लागलं, तेव्हा कुठे घरचे तयार झाले. अडीच वर्षांत उमर गेला, गादी परत अब्दुल मलिकच्या मुलांकडे.

सांजवारा:
ती अडीच वर्षं तरी मिळाली. मुआवियाने तेवढंही करून बघितलं नाही, आणि त्याच्याकडे तर जवळपास वीस वर्षं होती.